मधलं नाव

परवा मी कॉलेजच्या संगणक लॅबमधली वीस यंत्रं एका दमात नव्या आवृत्तीवर चढवत होते. अशा वेळी काम यंत्र करतं आणि आपण नुसता पहारा द्यायचा. पडद्यावरून नावांची रांग सरसर वर सरकत असते. लग्नात आहेर वाचून दाखवतात तो जसा कुणी ऐकत नाही, तशी ही नावंही कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. पण एका नावाशी डोळे थांबले. लिब-उधाण.

माझ्या विद्यार्थ्यांना हे नाव रोमन अक्षरांत दिसतं आणि ते त्याचा उच्चार 'लिबुधन' असा करतात. कौरवांपैकी कुणीतरी राहून गेलेला असावा तसा. लिब म्हणजे लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, तर इतर प्रोग्रामांना लागणारं एखादं काम जिच्यात आधीच करून ठेवलेलं असतं, तशी. आणि उधाण म्हणजे आपलं पौर्णिमा-अमावास्येचं उधाणच. भरती-ओहोटीच्या वेळा काढून देणारी ही एवढीशी लायब्ररी. जगात ती किती लोक वापरतात ठाऊक नाही, फार नसणार. पण ती अजून आहे, यंत्रावर चढते, चालते. ती तशी राहावी म्हणून आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या माणसानं आयुष्याची शेवटची पाच वर्षं घातली. त्याआधी त्याला संगणक चालू कुठून करतात हेसुद्धा माहीत नव्हतं.

दत्ताराम मयेकर आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आळी त्यांना भाऊ म्हणे. अंगानं काटक, शर्ट कुठलाही घातला तरी तो खाकीच वाटणार, आणि खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी. कुणाकडे गेले की आधी फाटकाची कडी वरखाली करून बघणार. खुर्ची दिली तर बसण्याआधी ती हलवून बघणार. "एक सूत लंगडी हाय," असं म्हणून कागदाची घडी करून पायाखाली सारणार आणि मगच टेकणार. त्यांच्या हयातीत आमच्या घरातली एकही खुर्ची डुगडुगली नाही. आता दोन डुगडुगतात आणि मी रोज ठरवते की उद्या बघू.

मला ते 'मॅडमबाय' म्हणत. कॉलेजात शिकवते म्हणून मॅडम आणि आळीतली पोर म्हणून बाय. दोन्हीतलं काहीतरी एक ठरवा, असं मी एकदा चिडून म्हटलं, तर म्हणाले, "नोकरी सुटली की मॅडम सुटंल गो. बाय ऱ्हाईल."

एप्रिल-मे महिन्यांत भाऊ सापडायचे ते घरामागच्या पडवीत. हापूसची पाच झाडं होती आणि त्यांचे आंबे ते स्वतः भरत. दुसऱ्या कुणाच्या हातची भरणी त्यांना पसंत नसे. वाशीला जायची ती लाकडी पेटी, आत पेंढा. विमानानं कुवेतला जायचा तो पुठ्ठ्याचा खोका, त्यात पेंढ्याची काडीसुद्धा चालत नाही, प्रत्येक फळाला निराळी जाळी. पुण्याच्या भाचीला पाठवायची ती एसटीत मांडीवर बसेल एवढी हातपेटी. एकदा मी विचारलं, एवढी नाटकं कशाला, आंबा तर एकच आहे ना? भाऊ म्हणाले, "आंबा आपला, पेटी त्यांची. आंबा बदलायचा नाय. पेटी त्यांना हवी तशी द्यायची. त्यात कसला आलाय मान?"

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकणार होते.

मंदार त्यांचा एकुलता एक मुलगा. शिकून पुण्याला नोकरीला लागला, पण जीव इथं समुद्राशी. भाऊंचे वडील वेळणेश्वरचे, गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबत त्यांच्या हुकमावर चाले. त्यांची लाल बांधणीची एक वही घरात होती. जुन्या लोकांचा हिशेब असा, की तिथीला पाऊणकीनं गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. एवढं किनाऱ्यावर पुष्कळांना पाठ असे. पण आजोबांनी प्रत्येक खाडीच्या तोंडाशी ही वेळ किती मिनिटं मागेपुढे सरकते ते जन्मभर टिपून ठेवलं होतं. मंदारनं शास्त्रातलं गणित घेतलं, त्याला वहीतले हे आकडे जोडले, आणि लायब्ररी तयार करून जगाला फुकट देऊन टाकली.

लिनक्स, म्हणजे संगणक ज्यावर चालतो ते फुकट मिळणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणायला एक, पण ते बांधून लोकांना देणारी घराणी अनेक आणि प्रत्येकाची चाल निराळी. त्यातल्या चार घराण्यांनी लिब-उधाण आपापल्या भांडारात ठेवून घेतली. राजिवड्याला खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीत मंदारनं एक जुना संगणक आणून लावला आणि त्याच्या पडद्यावर रोजच्या भरतीच्या वेळा झळकू लागल्या. सोसायटीचे सेक्रेटरी इस्माईलचाचा. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या मयेकर मास्तरच्या पोरानं आजोबाला डब्यात बसवलान."

मग एका वर्षी गणपतीला घरी येताना सावर्ड्याजवळ मंदार मोटरसायकलवरून पडला आणि घरी पोचलाच नाही. मखर अर्धं झालं होतं. याहून जास्त मला लिहवत नाही.

भाऊ रडलेले कुणी पाहिले नाहीत. बोलणंही तसंच राहिलं, फक्त एक गोष्ट आळीला हळूहळू कळली. मंदारबद्दल ते कधी 'होता' म्हणत नसत. 'मंदारला फणसाची भाजी आवडते.' 'मंदार असा नाय करायचा.' ऐकणाऱ्यानं मान डोलवायची आणि विषय बदलायचा, अशी आम्हा सगळ्यांना सवय लागली.

तीन-चार महिन्यांनी भाऊ एक दिवस फाटकाची कडी वरखाली करून माझ्या दारात उभे राहिले. "मॅडमबाय, सोसायटीतला पडदा काळा झाला."

मी गेले. कुणीतरी संगणक नव्या आवृत्तीवर नेला होता. पडद्यावरचा प्रोग्राम लायब्ररी एका कप्प्यात शोधत होता आणि नव्या आवृत्तीनं ती दुसऱ्याच कप्प्यात ठेवली होती. पाच मिनिटांचं काम. मी ते करून दिलं आणि उगाच मास्तरकी करत म्हटलं, "खरं तर हे मुळात दुरुस्त करायला हवं, भाऊ. ज्यानं लायब्ररी लिहिली त्यानं प्रत्येक घराण्याच्या रीतीप्रमाणे ती बांधून द्यायची असते. नाहीतर आज इथं बंद पडली, उद्या तिथं पडेल, आणि मग ते लोक एक दिवस भांडारातून काढून टाकतील."

"काढून म्हंजे?"

"यादीतून नाव जाईल."

भाऊंनी पडद्याची कड बोटानं हलवून बघितली. मग म्हणाले, "म्हंजे आंबा आपला, पेटी त्यांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोनशे पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर वर श्री आणि खाली प्रश्न क्रमांक एक.

शिकवण्याचा माझा धंदा आहे, पण असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. चुकीचा जो संदेश पडद्यावर येई तो ते आधी रोमन अक्षरांत जसाच्या तसा उतरून घेत, मग त्याच्याखाली मराठीत अर्थ, आणि त्याच्याखाली उपाय, तोही सापडला तरच. नाही सापडला तर तेवढी जागा कोरी. माझ्याकडून, मंदारच्या कागदांतून, इंटरनेटवरच्या व्हिडिओंतून, जिथून मिळेल तिथून त्यांनी गोळा केलं. पडवीत पेंढ्याच्या भाऱ्याशेजारी चार जुने संगणक येऊन बसले, एकेकावर एकेक घराणं. त्यांची खरी नावं भाऊंनी कधी घेतली नाहीत. ज्यांचे नियम कडक आणि तपासणी बारीक ते 'गल्फवाले'. ज्यांच्याकडे रोज काहीतरी बदलतं ते 'लिलाववाले'. लहान यंत्रांसाठी सगळं आटपून घेणारे 'हातपेटीवाले'. आणि उरलेले, ज्यांच्याकडे फारशी कटकट नव्हती, ते 'वाशीवाले'. आमचं दोघांचं बोलणं एखाद्या तिऱ्हाइतानं ऐकलं असतं तर म्हणाला असता, आंब्याचे मोठे व्यापारी दिसतात.

एकदा गल्फवाल्यांकडे लायब्ररी बांधली जाईना. बाकी तिघांकडे बिनतक्रार, आणि इथं शेवटच्या चाचणीला नापास. भरतीची वेळ साडेपाच तासांनी चुकायची. भाऊंनी गणित तपासलं, आजोबांची वही तपासली, आठ दिवस दाढी केली नाही. मी म्हटलं, सोडा हो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट चहा ठेवायला गेले. नवव्या दिवशी सकाळी स्वारी हसत आली. "त्यांच्या पेटीत घड्याळच नाय गो!"

खरंच तसं होतं. गल्फवाले प्रत्येक लायब्ररी रिकाम्या, कोऱ्या जागेत बांधून बघतात. कुठल्या देशाचं घड्याळ ग्रीनिचच्या किती पुढेमागे ते सांगणारं जगाच्या वेळांचं कोष्टक तिथं नव्हतं, म्हणून आपले साडेपाच तास गळत होते. बाकीच्यांकडे ते आधीपासून असायचं, म्हणून मंदारनं 'हे लागतं' असं कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं. "सांगितल्याशिवाय कोण देईल?" भाऊ म्हणाले. "आपल्या घरात मीठ असता म्हणून आपण सांगत नाय. पाहुण्याकडं जेवण करायचा तर मीठसुद्धा मागून घ्यावा लागता." आणि मग लेकाची बाजू घेत, "मंदार घाईत असतो ना. राहिला लिहायचा."

हे सगळं दुरुस्त करून ते पाठवत, तेव्हा सोबत पत्र असे. पत्र कसलं, अर्जच. 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट' अशी सुरुवात आणि 'थँकिंग यू, युवर्स फेथफुली' असा शेवट. जगभरातली ती मंडळी एकमेकांशी अर्ध्या ओळीत, काना-मात्रा गिळून बोलणारी. त्यांना या अर्जांचं फार कौतुक वाटे. गल्फवाल्यांच्या बाजूनं तपासणी करणारा योनास नावाचा एक माणूस होता, कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातला. तोसुद्धा पुढे 'रिस्पेक्टेड सर' लिहायला लागला होता.

पण ते 'सर' म्हणजे मंदार. कारण भाऊ सगळं मंदारच्या खात्यावरून पाठवत आणि खाली सही करत, म. द. मयेकर.

मला हे कळलं तेव्हा मी जरा फटकळपणेच बोलले. "भाऊ, हे बरोबर नाही. त्या लोकांना वाटतंय की मंदार लिहितोय."

भाऊंनी पट्टी खिशातून काढली, पुन्हा ठेवली. "खोटा काय त्यात? मंदार दत्ताराम मयेकर. मधे मी हायच की."

आपल्याकडे मुलाच्या नावात बाप असतोच, आणि तो मधेच असतो.

त्याच सुमारास त्यांनी आयटीआयला एक पंखा दिला. आपल्याकडे पंखा दिला की पात्यावर नाव आलंच. पेंटरनं रीतीप्रमाणे 'कै. मंदार द. मयेकर यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून ठेवलं. भाऊंनी ते पाहिलं, पेंटरला काही न बोलता रॉकेलचा बोळा मागून घेतला, आणि शिडीवर चढून दोन शब्द पुसले. एक 'कै.' आणि दुसरा 'स्मरणार्थ'. राहिलं ते 'मंदार द. मयेकर यांच्या'. अर्थ काहीच लागत नाही. तो पंखा अजून तसाच फिरतोय.

पाचव्या वर्षी योनासचं पत्र आलं. नव्या आवृत्तीआधी सगळ्या पेट्यांची झडती चालली होती आणि लिब-उधाणमध्ये एक खोट सापडली होती. खाड्यांचे आकडे ज्या फाइलीत होते तिच्यावर ते कुणाचे, कुठून घेतले, वापरायची मुभा कुणी दिली, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. लेखकानं स्वतः तसं लिहून द्यावं, ठरलेल्या तारखेच्या आत. नाहीतर लायब्ररी भांडारातून वगळावी लागेल. पत्र सभ्य होतं. गल्फवाल्यांनी काढलं की बाकीचेही काढणार, हे मला आणि भाऊंना दोघांनाही कळत होतं.

"सोपं आहे, भाऊ," मी म्हटलं. "वही तुमच्या वडलांची. वारस तुम्ही. तुम्ही मुभा देऊ शकता. फक्त लिहावं लागेल, की लेखक..."

भाऊ उठले आणि पडवीत जाऊन पेंढा चाळत बसले. दिवस आंब्याचे नव्हते.

आठवडाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एके दुपारी आले. माझ्यापुढे परीक्षेच्या पेपरांचा ढीग होता आणि एका मुलानं उत्तराऐवजी गणपतीचं स्तोत्र लिहिलेलं पाहून माझं डोकं आधीच फिरलं होतं. भाऊ दारातच उभे राहिले. खुर्चीसुद्धा हलवून बघितली नाही.

"मॅडमबाय, कैलासवासीला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी मान वर न करता म्हटलं, "लेट."

ही चूक माझी. ती मी आजवर कुणावर ढकललेली नाही. एवढ्या वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदा तोंडातून काढला होता, आणि मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाऊंनी घरी जाऊन अर्ज लिहिला. नेहमीसारखा, नमुन्याबरहुकूम. 'रिस्पेक्टेड सर, द ऑथर मंदार इज लेट. आय ॲम हिज फादर. किंडली एक्स्क्यूज.' जन्मभर रजेचे अर्ज लिहिलेला आणि वाचलेला माणूस. शेवटचे दोन शब्द हातातून आपोआप उतरले असणार.

दुसऱ्या दिवशी योनासचं उत्तर आलं. भाऊ ते लॅपटॉपसकट मला दाखवायला घेऊन आले. त्यात लिहिलं होतं: काहीच हरकत नाही. तो लेट आहे तर आम्ही थांबतो. अजून सोळा दिवस आहेत. त्याला म्हणावं, सावकाश येऊ दे.

"अहो, त्याला उलटंच कळलंय! त्याला वाटलं की मंदारला उशीर होतोय. थांबा, मी आत्ता लिहिते."

भाऊंनी यंत्र माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, बरं वाटल्यासारखा.

"ऱ्हाऊ दे गो," ते म्हणाले. "सावकाश येऊ दे म्हणता. थांबतायत तर थांबू देत."

त्यांनी ते पत्र छापून आणलं आणि घडी करून पट्टीच्या शेजारी खिशात ठेवलं. बारा-चौदा दिवस ते तसेच फिरत होते. मी भांडले. म्हटलं, पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाईल, नाव यादीतून जाईल, मग काय कराल? त्यांनी ऐकून घेतलं. मला त्यांचा राग येत होता आणि माझी लाजही वाटत होती. जगाच्या पाठीवर कुणीतरी एक माणूस त्यांच्या मुलाची वाट बघत बसला होता, आणि मी त्या माणसाला उठून जायला सांगा म्हणत होते.

शेवटी सुमतीकाकी बोलल्या. भाऊंची बायको. फार कमी बोलणारी बाई. तारखेला दोन दिवस उरले होते. मी पडवीत भाऊंपाशी पुन्हा डोकं फोडत बसले होते आणि काकी गेल्या हंगामातल्या सोलांना पुन्हा ऊन दाखवत होत्या. हातातलं सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दुपारची इथून खटखट ऐकू येते ना, तर मला वाटता पोर आलाय. ताट घ्यायला हात जातो माझा. पाच वर्षं जातोय. आता तुमी तिकडं त्या लोकांनासुद्धा सांगितलाव, येतो म्हणून." मग आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "मी कुठून आणू त्याला?"

काकींनी सूप उचललं आणि पुन्हा सोलं पसरायला लागल्या.

मग भाऊंनी खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाले, "बस इथं. मी लिहितो. तू फक्त बस."

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. तास गेला असेल. या खेपेला अर्ज नव्हता. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मी एक अक्षर दुरुस्त केलं नाही. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

'माझा मुलगा मंदार मेला. पाच वर्षं झाली. मी लेट लिहिलं त्याचा अर्थ हा होता. आमच्याकडे माणसाच्या नावात तीन नावं असतात. पहिलं त्याचं, मधलं बापाचं, शेवटचं घराण्याचं. तुम्हाला इतकी वर्षं जो लिहीत होता तो मधला. आकडे माझ्या वडलांच्या वहीतले आहेत. मुलगा नाही, वडील नाहीत, दोघांच्या मधे मीच उरलो आहे. मी मुभा देतो. तुम्ही थांबलात, त्याबद्दल आभारी आहे. आता थांबू नका.'

शेवटचं वाक्य लिहून त्यांनी पाठवायचं बटण दाबलं आणि मग ते रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. काकी आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी घरी निघून आले. आपल्याला बसायला सांगितलं होतं, पण किती वेळ बसायचं ते समजायला हवं.

योनासचं उत्तर दोन ओळींचं होतं. मला माफ करा, आणि, लायब्ररी राहील. फाइलीच्या माथ्यावर त्यानं हक्काच्या जागी तीन ओळी घातल्या होत्या: वही आजोबांची, लायब्ररी मंदारची, आणि बांधणी दत्ताराम मयेकरांची. स्वतःचं नाव मधलं म्हणून नव्हे, तर एकटं, पहिलं म्हणून आलेलं पाहून भाऊ कसनुसे झाले. म्हणाले, "पुढं बसवलान मला."

त्यानंतर ते 'होता' म्हणायला लागले. 'मंदारला फणसाची भाजी आवडायची.' ऐकायची सवय आम्हालाच नव्हती. चार यंत्रांतली तीन त्यांनी हळूहळू मला दिली, दोनशे पानी वहीसुद्धा. कोऱ्या जागा फार थोड्या राहिल्या आहेत तिच्यात. पुढच्या वैशाखात, पेट्या सगळ्या रवाना झाल्यावर, भाऊ दुपारचे आडवे झाले ते उठले नाहीत. आता लायब्ररी बांधायचं काम मी बघते, कसंबसं. त्यांच्या नावामागे 'कै.' लावायची वेळ येते तेव्हा माझंही पेन अडतं.

पण मला आठवतात ते भाऊ त्या दुपारचेही नाहीत आणि वैशाखातलेही नाहीत. ते पत्र गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी पौर्णिमा होती. मी भाट्याच्या पुलाकडे स्कूटरवरून चालले होते. राजिवड्याला सोसायटीच्या पायऱ्यांवर भाऊ आणि इस्माईलचाचा बसलेले दिसले म्हणून गाडी लावून खाली उतरले. भाऊंच्या मांडीवर लाल वही उघडी होती आणि हातात मनगटातून काढलेलं घड्याळ. खाडीच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी एकीवर पौर्णिमेच्या भरतीची चुन्याची रेघ मारलेली होती. आत पडद्यावर भरतीची वेळ झळकत होती, अकरा पस्तीस. पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं आणि दोघे म्हातारे त्याच्याकडे टक लावून बसले होते.

"साडेअकरा होऊन गेले की मास्तर," चाचा त्यांना डिवचत म्हणाले. "आज लेट हाय वाटता तुमचा पोर."

मी चपापले. चाचांना त्या शब्दाचं काहीच ठाऊक नव्हतं. भाऊ, काकी आणि मी सोडून गावात कुणालाच नव्हतं.

भाऊंनी वर बघितलं नाही. पाणी एक पायरी चढलं, मागं सरलं, पुन्हा आलं आणि चुन्याच्या रेघेवर टेकलं. भाऊंनी खिशातली पट्टी काढून, वाकून, रेघ आणि पाणी यांच्यामधलं अंतर मोजलं. सूतभरसुद्धा नव्हतं. मग हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

"नाय रे इस्माईल," ते म्हणाले. "वेळेवर आला."